गारांनी फुटलेले छप्पर व त्याचा हिशोब

शास्त्रपाठ : लूक १४ : २८–३०, २ राजे १२ : ९–१५



ज्या घरावर आभाळ कोसळले आहे त्या घरी जाऊन, देवावर भाव ठेवा, एवढेच सांगून परत येणे फार सोपे आहे. मीही ते पुष्कळदा केले आहे. परंतु छपराला पडलेले भोक उपदेशाने बुजत नाही. त्यास पत्रा लागतो, पत्र्यास पैसा लागतो, आणि तो पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न त्या रात्री त्या घरची आई चुलीपुढे बसून स्वतःशी करीत असते. म्हणून आजचे माझे बोलणे पत्रे, कौले, खिळे व रुपये यांविषयी आहे. देवाच्या मंदिरात असल्या गोष्टी कशाला, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी वर दिलेले दोन्ही पाठ आधी वाचावेत. पहिल्यात आपला प्रभु बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्यास प्रथम खाली बसवून खर्चाचा अंदाज करावयास लावतो. दुसऱ्यात यरुशलेमेच्या मंदिराच्या डागडुजीचा पैसा कसा जमला, तो कोणी मोजला आणि सुतार-गवंड्यांच्या हाती कसा पोचला, हे शास्त्रलेखकाने बारकाईने लिहून ठेविले आहे. देवाच्या वचनास हिशोबाचा विटाळ नाही.

गोष्ट २६ नोव्हेंबर २०२३ ची आहे. तो रविवार होता. त्या दिवशी नाशिक व अहमदनगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांत वादळी पाऊस व गारा यांनी मोठी हानी केली; निफाडकडील द्राक्षबागांची व पारनेरकडील शेतांची वार्ता आपणांपैकी बहुतेकांनी ऐकली असेल. माझ्या देखरेखीखालील एका लहान मंडळीचे गाव त्याच बाजूस आहे. गावाचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे ती माणसे भिडस्त आहेत.

गार कशी बनते हे मुलांना सांगावे, म्हणजे भीती थोडी कमी होते. उंच ढगात वर चढणारा जोराचा वारा पाण्याचे थेंब अतिशय थंड थरांत नेतो. तेथे ते गोठतात, त्यांच्यावर आणखी पाणी गोठून थर चढतात, आणि वाऱ्यास त्यांचे ओझे पेलवेनासे झाले म्हणजे ते खाली येतात. मोठी गार मधोमध फोडून पाहिली तर कांद्याप्रमाणे पापुद्रे दिसतात. ती छपराशी जशी वागते ते छपरागणिक निराळे असते. धाब्याच्या मातीत ती रुतते आणि मग वितळून आत झिरपते. मंगलोरी कौल तडकते. सिमेंटच्या पत्र्यास ती आरपार भोक पाडते, आणि भोकाभोवती तारकेसारख्या चिरा जातात. लोखंडी पत्र्यास पोचे पडतात. तो सहसा फुटत नाही, परंतु जुन्या खिळ्याजवळ गंजलेला असला तर तेथे फाटतो. शिवाय गारा वाऱ्याबरोबर तिरप्या येतात, म्हणून वाऱ्याकडील पाखे चाळण होते आणि दुसरे पुष्कळदा धड राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. हिशोबात ती उपयोगी पडणार आहे.

सोमवारी सकाळी मी गावात गेलो तेव्हा पारावर वेगळाच हिशोब चालला होता. कोणाच्या पापाने गारा पडल्या? एकाने एका वस्तीकडे बोट दाखविले, दुसऱ्याने दुसरीकडे. आणि खेदाने सांगतो, आपल्यातलाही एक गृहस्थ त्यात हिरिरीने बोलत होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा प्रभूपुढे असाच प्रश्न आला होता, आणि मेलेली माणसे इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती असे त्याने स्वच्छ सांगितले (लूक १३ वा अध्याय). ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर हिंदुस्थानात मुरादाबादेजवळ गारांनी २४६ माणसे मेली. गारांनी झालेल्या मृत्यूंची याहून मोठी नोंद जगात नाही. त्या २४६ जणांच्या पापांची यादी कोणी करावी? आमच्या गावी मंदिराची कौले फुटली, देवळाच्या मंडपाचे पत्रे फुटले आणि सावकाराच्या गोठ्याचेही फुटले. असो. त्या पारावर मी अधिक वेळ घालविला नाही, आणि आपणही घालवू नये.

मंडळीत एक विधवा मावशी आहेत. मातीच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे बारा. सहा पश्चिमेच्या पाख्यावर, सहा पूर्वेच्या. पश्चिमेचे पाच व पूर्वेचा एक, असे सहा पत्रे फुटले होते. धान्याची कोठी त्यांनी रातोरात खाटेखाली ओढली होती आणि स्वतः वळचणीस उभ्या राहून रात्र काढली होती. मी पोचलो तेव्हा तालुक्याचा एक छपरे घालणारा ठेकेदार अंगणात उभा होता. त्याने सांगितलेला आकडा असा : सगळे छप्पर उतरवून नवे घालावे, सव्वीस हजार रुपये. मावशींनी मान हलविली होती. पैसे शेकडा तीन रुपये महिना व्याजाने मिळणार होते, ते ठरूनही गेले होते.

बंधूंनो, "आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावावे" असे आपल्यात म्हणतात. मनुष्य अशा वेळी ठिगळाचा विचारच सोडून देतो आणि जो कोणी पहिला आकडा सांगेल त्यास होय म्हणतो. प्रभूने बुरूज बांधणाऱ्यास बसावयास सांगितले. उभ्याउभ्या, भिजलेल्या अंगाने, दारात वाट पाहणाऱ्या माणसासमोर केलेला अंदाज हा अंदाज नव्हे. म्हणून मी मावशींना म्हटले, "मावशी, आधी बसा. चहा करा. मग मोजू." ठेकेदारास ते आवडले नाही, परंतु चहा त्यानेही घेतला.

आम्ही मोजले. प्रथम व्याज. सव्वीस हजारांवर शेकडा तीन म्हणजे महिन्यास ७८० रुपये. मावशींची शेतातली मजुरी दिवसास तीनशे. म्हणजे दर महिन्याचे अडीच दिवसांहून अधिक काम केवळ व्याजापुरते, आणि मुद्दल जेथल्या तेथे. वर्षाचे व्याज ९,३६० रुपये. हा आकडा ऐकून त्या गप्प झाल्या. इतके दिवस कोणी तो त्यांना वर्षाचा करून सांगितलाच नव्हता.

मग छप्पर. फुटलेल्या सहा पत्र्यांच्या जागी सहा लोखंडी पत्रे घालावेत, असे कोणासही वाटेल. पण सिमेंटच्या पत्र्याची नळी मोठी व लोखंडी पत्र्याची लहान, त्यामुळे ते एकात एक बसत नाहीत आणि जोडातून पाणी येते. यासाठी एक पाखे सबंध एकाच जातीचे असावे. पश्चिमेच्या पाख्यावर धड राहिलेला एकुलता एक सिमेंटचा पत्रा काढून तो पूर्वेच्या फुटक्या पत्र्याच्या जागी बसविला, म्हणजे पूर्वेचे पाखे पूर्ण झाले, फुकटात. पश्चिमेला लोखंडी पत्रे आठ लागले. त्यांची रुंदी कमी, म्हणून सहाच्या जागी आठ. आठ पत्रे, दर ८५० प्रमाणे, ६,८०० रुपये. आढ्यावरची पट्टी ९००. आकडे व वायसर ४००. पातळ पत्र्यास खालून आधार जवळजवळ लागतो, म्हणून दोन आडवी लाकडे वाढविली, त्यांचे १,४००. कारागिराचे दोन दिवस, १,४००. टेम्पोभाडे ६००. एकूण ११,५००. सव्वीस हजार कोठे आणि साडेअकरा हजार कोठे! ठेकेदार लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याने नव्या छपराची किंमत सांगितली होती. मावशींस हवी होती ती न गळणाऱ्या छपराची.

आता सरकारी साह्याविषयी, कारण आपले पुष्कळ लोक या बाबतीत अजाण आहेत आणि कित्येक उपदेशकही. गारपीट ही सरकारमान्य आपत्ती आहे. केंद्र सरकारने २०२२–२३ ते २०२५–२६ या वर्षांसाठी ठरविलेल्या निकषांप्रमाणे घराचे किमान पंधरा टक्के नुकसान झाले असेल तर पक्क्या घरास ६,५०० व कच्च्या घरास ४,००० रुपये, झोपडीस ८,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्यास ३,००० रुपये असे साह्य होते. राज्य सरकार कधी आपली भर घालते. यासाठी पंचनामा व्हावा लागतो. म्हणून छपरावर ताडपत्री लगेच घाला, पण फुटलेले तुकडे टाकून देऊ नका आणि उतरविण्याआधी छायाचित्रे काढून ठेवा. तलाठी भाऊसाहेब आले म्हणजे घरचे कोणीतरी हजर असू द्या. मावशींच्या घराचा पंचनामा झाला. निम्मे छप्पर गेलेले, भिंती मातीच्या, म्हणून चार हजार मंजूर झाले. ते हाती येण्यास काळ लागला, हे निराळे. राहिले साडेसात हजार.

येथे मला दुसऱ्या घराकडे वळले पाहिजे, आणि ते माझ्या लाजेचे आहे.

रविवारच्या शाळेत मुलांना शिकविणारा आमचा एक तरुण भाऊ आहे. विटांचे घर, वर चौदा लोखंडी पत्रे. गारांनी प्रत्येक पत्र्यास पोचे पडले होते, जणू कोणी रात्रभर वरून मुसळ चालविले; परंतु फाटलेले पत्रे दोनच, तेही जुन्या खिळ्यांपाशी. चौदांतले दोन म्हणजे शेकडा चौदा आणि वर थोडे. पंधरा भरत नाहीत. तीन असते तर एकवीस झाले असते. भाऊसाहेब साऱ्या घरावरून अंदाज करतात, केवळ पत्रे मोजीत नाहीत, हे खरे. पण तरुणाच्या डोक्यात हेच गणित बसले होते, आणि शेजाऱ्याने ते त्यास करून दाखविले होते. "हातोड्याचा एक घाव, साडेसहा हजार," असे तो शेजारी म्हणाला.

त्या संध्याकाळी तरुण माझ्यापाशी आला. त्याने सरळ विचारले नाही. "पाळकसाहेब, एखादा पत्रा आणखी गेला असता तर बरे झाले असते, नाही?" असे तो हसत म्हणाला. आणि मीही हसलो. मला त्याचा प्रश्न कळला होता. परंतु मी दमलो होतो, त्याचे लेकरू लहान आहे हे मला ठाऊक होते, आणि खरे सांगावयाचे तर त्याच्या त्या पोचे पडलेल्या छपराची नोंद कोणत्याच कागदावर होणार नाही याचा मलाही राग आला होता. पोच्यात पाणी साचते, धूळ बसते. जस्ताचा थर तडकला असेल तर तेथून गंज धरतो. आज न गळणारे ते छप्पर दोन-चार पावसाळ्यांनी गळणार होते. म्हणजे नुकसान खोटे नव्हते, फक्त ते अजून दिसत नव्हते. अशा वेळी खोटे फार शहाण्या माणसाच्या वेषात येते.

रात्री मला झोप लागली नाही. पहाटेच त्याच्या घरी गेलो. तो छपरावर होता, हाती हातोडा. मी खालून हाक मारली. तो शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, काल तुम्ही नको म्हणाला नाहीत."

बंधूंनो, सेमिनरीत मी तीन वर्षे शिकलो आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे उपदेश केले, परंतु माझ्या सेवेविषयी याहून जड वाक्य मला कोणी ऐकविलेले नाही. मी म्हटले, "आज म्हणतो. आणि काल म्हटले नाही त्याची मला क्षमा कर." तिसरा पत्रा धड होता. त्याने घाव घातला नव्हता. घालणार होता की नव्हता हे मी विचारले नाही, आणि तेव्हापासून आजवर आम्ही दोघांनीही तो विषय काढलेला नाही. हे लिहिण्यास मात्र त्याने मला मोकळेपणाने संमती दिली.

त्या दोन फाटक्या पत्र्यांची दुरुस्ती, डांबराची पट्टी व नवे वायसर मिळून, १८० रुपयांत झाली. सरकारकडून त्यास काही मिळाले नाही. मंडळीनेही काही दिले नाही, कारण १८० रुपये त्याच्यापाशी होते. २०२५ च्या पावसाळ्यात एका पोच्याच्या कडेने गंज धरून पाणी झिरपू लागले आणि तो पत्रा त्याने स्वतःच्या पैशाने बदलला. प्रामाणिकपणाचे फळ देवाने त्यास दुप्पट करून दिले, असे लिहिता आले असते तर हा उपदेश अधिक गोड झाला असता. पण तसे घडलेले नाही. लूकच्या चवदाव्या अध्यायात प्रभु खर्चाचा अंदाज करावयास सांगतो तो बुरूज बांधणाऱ्यांसाठी नव्हे, त्याच्या मागे येऊ पाहणाऱ्यांसाठी. आणि त्या खर्चात साडेसहा हजार रुपयेही धरावे लागतात.

आता मंदिर. आमच्या मंदिरावर मंगलोरी कौले आहेत. ही कौले आपल्याकडे कशी आली हे थोड्यांनाच ठाऊक असते. १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून ही खोबणीची, एकमेकांत अडकणारी कौले दूरदूर पसरली. खोबणीमुळे त्यांतले एक फुटले तर तेवढेच बदलता येते, सारे छप्पर उकलावे लागत नाही. शंभर चौरस फुटांस ती सुमारे एकशेचाळीस लागतात. आमची ३१० फुटली होती. एका कौलास गाडीभाड्यासह ४५ रुपये धरले तर १३,९५० रुपये. आणि नाताळासाठी मंडळीने जमविलेला फंड होता १४,२०० रुपये.

शुक्रवारी रात्री कंदिलाभोवती वडील मंडळी बसली. वीज अद्याप आली नव्हती. मंडळीतले सर्वांत वयोवृद्ध वडील म्हणाले, "पाहा, देवाने मागितले तेवढेच आधी देऊन ठेवले आहे. आकडे जुळतात. ही खूण आहे." त्यांनी हाग्गय संदेष्ट्याचा पहिला अध्यायही काढला : देवाचे घर उजाड असता लोक आपापल्या घरांत कसे बसतात? वडिलांविषयी मला फार आदर आहे, आणि त्यांचे शास्त्रज्ञान माझ्याहून कमी नाही. तरी मला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. एक ही की आकडे जुळले म्हणून ती देवाची इच्छा ठरत नाही. ठेकेदाराचे सव्वीस हजार व सावकाराची तयारी यांचेही आकडे जुळले होते. दुसरी ही की हाग्गयाने ज्यांस दोष दिला ते लोक लाकडाच्या तक्तपोशीच्या घरांत राहत होते. मावशींच्या घरात वर पाहिले तर आभाळ दिसते. त्यांच्या घराच्या नावाने तो दोष कोणास लावावयाचा?

मग मी मार्काच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण दिली. कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती मनुष्यास खाली सोडण्यासाठी एका घराचे छप्पर उकलले. लूक तर कौलांचा उल्लेख करतो. तो मनुष्य बाज उचलून घरी गेला, लोकांनी देवाचे गौरव केले, सर्व झाले. पण त्या घरमालकाचे छप्पर? ते दुसऱ्या दिवशी कोणी नीट केले हे लिहिलेले नाही. मला नेहमी वाटते की त्या चौघांनीच केले असावे. ज्यांना मित्राची बाज इतक्या उंच चढविता आली त्यांना चार कौले बसविणे जड नव्हते. हे माझे अनुमान आहे, शास्त्र नव्हे. परंतु एवढे खरे की प्रभूने त्या दिवशी मनुष्यास आधी पाहिले आणि छपराविषयी तक्रार केली नाही.

वाद बराच वेळ चालला. शेवटी योवाश राजाचा वृत्तांत वाचल्यावर मार्ग निघाला. राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मंदिराची डागडुजी झालीच नव्हती, कारण पैसा येई आणि कोठे जाई ते कळत नसे. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणास भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेविली. पैसा त्यात पडे, दोघे मिळून तो मोजीत आणि तो थेट सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या हाती जाई. त्यातून रुप्याची पात्रे किंवा कर्णे केले नाहीत, हेही तेथे मुद्दाम नमूद आहे. तेराव्या वचनाशी येताच एक बाई मागून हळूच म्हणाल्या, "म्हणजे यंदा भोंगा नको." सगळे हसले, आणि त्या हसण्यात अर्धा निर्णय झाला. भोंगा व रोषणाई रद्द झाली.

१४,२०० पैकी पाच हजार मावशींच्या छपरास द्यावयाचे. १,९०० ची मोठी ताडपत्री मंदिरावर घालावयाची. नाताळाच्या जेवणास तीन हजार, वरणभात व एक गोड. बाकी ४,३०० कौलांसाठी पेटीत.

मावशींना साडेसात हजार हवे होते, पाच मिळाले. उरलेले अडीच हजारही देऊन टाकावेत असे एकाने सुचविले. मी मावशींना विचारावयास गेलो तर त्या नको म्हणाल्या. "पाळकसाहेब, छप्पर माझे आहे. त्यातले तीन पत्रे तरी माझ्या पैशाचे असू द्या." बचत गटातून त्यांनी अडीच हजार काढले, शेकडा एक रुपया महिना व्याजाने, म्हणजे पहिल्या महिन्यास पंचवीस रुपये. मंजूर झालेले चार हजार येईतोवर दुकानदाराने उधारीवर थांबावे, यासाठी वडिलांनी, होय, त्याच वयोवृद्ध वडिलांनी, आपला शब्द टाकला. गलतीकरांस लिहिताना पौल एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो, आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असेही सांगतो. यात विरोध आहे असे मला विद्यार्थिदशेत वाटे आणि परीक्षेत मी त्याविषयी दोन पाने लिहिली होती. मावशींनी ते तीन पत्र्यांत सांगितले.

काम शनिवारी झाले. त्याविषयी दोन सूचना करतो, कारण चूक झाल्यास जीव जातो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊ नये. तो वरून भक्कम दिसतो आणि अंगाखाली एकदम तुटतो. आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे. आणि हे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. त्यांची धूळ फुप्फुसांत गेली तर पुष्कळ वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. म्हणून ते कोरडे कापू नयेत, फोडू नयेत. पाणी शिंपडून सबंध उतरवावेत, तोंडास फडके बांधावे, आणि तुकडे मुलांच्या खेळण्यात किंवा चुलीच्या आडोशास येऊ देऊ नयेत. आम्ही ते पोत्यांत भरून, तोंडे शिवून, दूर ठेविले.

छपरावर चढलेल्यांत तो तरुण भाऊ होता. मावशींच्या पश्चिमेच्या पाख्यावरचा प्रत्येक आकडा त्यानेच ठोकला, आणि पंधरा टक्क्यांचे नाव काढले नाही. गावातले दोन मराठा शेजारी व एक मुसलमान सुतार, हेही आपणहून आले. "घर फिरले की घराचे वासेही फिरतात" ही म्हण त्या दिवशी आमच्या गावी खोटी ठरली.

नाताळाची उपासना ताडपत्रीखाली झाली. थंडी होती, वाऱ्याने ताडपत्री फडफडे, आणि प्रार्थनेच्या मध्येच साचलेले दव वडिलांच्या टकलावर पडले. मुलांनी ते पाहिले व त्यांना आवरणे कठीण झाले. भोंगा नसल्यामुळे गीतांचा आवाज शेजारच्या वस्तीपर्यंतच गेला.

२०२४ च्या मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, मंदिर शाकारले. पूर्वीच्या मिशन शाळेच्या पडक्या खोलीवरून साठ कौले धड निघाली, म्हणून नवी अडीचशेच घ्यावी लागली : ११,२५० रुपये. पेटीत ४,३०० होते. उरलेले ६,९५० उन्हाळ्याअखेर पेटीतूनच निघाले. कोणी किती घातले ते झाकणाच्या भोकामुळे कळले नाही, आणि तेच बरे. कौले चढविण्यास मावशी आल्या होत्या; पहिली पाटी त्यांनी डोक्यावर घेतली.

योवाशाच्या काळी कामकऱ्यांकडे हिशोब मागत नसत, कारण ते विश्वासाने वागत, असे शास्त्र सांगते. आम्ही तितके चांगले नाही. म्हणून मावशींच्या छपराचा व मंदिराच्या कौलांचा सगळा जमाखर्च, दुकानाच्या पावत्यांसह, मंदिराच्या दाराशी आतल्या बाजूस लावून ठेविला आहे. ज्या मंडळीस आपल्या गावी असे काम काढावयाचे असेल त्यांनी येऊन तो पाहावा. दार उपासनेनंतर दुपारपर्यंत उघडे असते.